मुलीला कॉलेजमध्ये व्हॉलीबॉल खेळायचंय? आधी प्रशिक्षकाचा प्रवास वाचा

अमेरिकेत मुलीची दहावी संपली की १५ जूनपासून कॉलेजांचे व्हॉलीबॉल प्रशिक्षक तिला थेट फोन आणि मेसेज करू शकतात. डॅलस, शिकागो, न्यू जर्सी, बे एरिया इथल्या क्लबांत खेळणाऱ्या मराठी घरांतल्या मुलीही या दिवसाकडे डोळे लावून असतात. आईवडील रँकिंग बघतात, शिष्यवृत्ती किती ते विचारतात, प्री-मेड (मेडिकलच्या आधीचा अभ्यासक्रम) किंवा इंजिनिअरिंग कसं आहे याची चौकशी करतात. प्रशिक्षकाची माहिती काढताना मात्र नजर ट्रॉफ्यांवर जाते आणि तिथेच थांबते. मला ते अपुरं वाटतं. मुलगी चार वर्षं रोज त्या व्यक्तीच्या हाताखाली राहणार आहे. ती व्यक्ती कोणाकडे शिकली, आणि नाव, पैसा, मोठं मैदान यातलं काहीच हाताशी नसताना तिनं पहिला संघ कसा उभा केला, हे मी आधी बघेन.

आपल्याकडे कोचबद्दल पहिला प्रश्न ठरलेला असतो: एनआयएस केलंय का? पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा डिप्लोमा असला की निदान पाया पक्का आहे असं आपण धरून चालतो. अमेरिकन कॉलेजांत शिकवण्याची पात्रता ठरवणारी अशी एखादी सक्तीची परीक्षा नाही. तिथे माणसाचा प्रवास हेच प्रमाणपत्र. म्हणून काही प्रशिक्षकांचे प्रवास इथे शेजारी शेजारी ठेवून बघू. नावं पहिल्या फळीतली निवडली आहेत, कारण त्यांची माहिती सर्वांसमोर आहे. पण हीच पारख लहान कॉलेजांच्या प्रशिक्षकांनाही लावता येते.

आपल्याच कॉलेजात परतलेल्या दोघी

२२ डिसेंबर २०२४ रोजी लुइव्हिल शहरात मुलींच्या व्हॉलीबॉलचा एनसीएए डिव्हिजन वनचा, म्हणजे कॉलेज खेळांच्या संघटनेच्या सर्वांत वरच्या श्रेणीचा, अंतिम सामना झाला. एका बाकावर पेन स्टेट विद्यापीठाच्या प्रशिक्षक केटी शूमाकर-कॉली, दुसऱ्यावर यजमान लुइव्हिल विद्यापीठाच्या डॅनी बुसबूम केली. १९८१ पासून २०२३ पर्यंतची सगळी ४३ विजेतेपदं पुरुष प्रशिक्षकांच्या संघांनी जिंकली होती. त्या दिवशी सामना सुरू होण्याआधीच हे ठरलं होतं की यंदा पहिल्यांदा एक स्त्री जिंकणार. पेन स्टेटनं ३-१ असा सामना घेतला.

या दोघींचे प्रवास वरवर सारखे दिसतात. शूमाकर-कॉली शिकागोच्या. पेन स्टेटकडून खेळताना १९९९ मध्ये त्यांनी विजेतेपद मिळवलं. बुसबूम केली नेब्रास्काच्या ग्रामीण भागातल्या. त्या नेब्रास्का विद्यापीठाकडून खेळल्या आणि २००६ चं विजेतेपद जिंकलं. दोघींनी मोठ्या गुरूकडे खेळ शिकला आणि शेवटी दोघी आपापल्या जुन्या कॉलेजच्या मुख्य प्रशिक्षक झाल्या. फरक आहे तो मधल्या वर्षांत.

शूमाकर-कॉलींनी मुख्य प्रशिक्षक म्हणून सुरुवात केली ती शिकागोतल्या यूआयसीमध्ये. हे शहरी सरकारी विद्यापीठ आहे, व्हॉलीबॉलचं मोठं नाव नाही. २००९ पासून आठ हंगाम त्या तिथे होत्या. मग एक हंगाम पेन विद्यापीठात. हे पेन स्टेटहून वेगळं, आयव्ही लीग या नामवंत विद्यापीठांच्या गटातलं. त्यानंतर २०१८ मध्ये मुख्य प्रशिक्षकपद सोडून त्या पेन स्टेटचे तेव्हाचे मुख्य प्रशिक्षक रस रोझ यांच्या सहायक झाल्या. मुख्य पद सोडून सहायक होणं म्हणजे पद, पगार आणि शेवटचा शब्द, तिन्ही सोडणं. त्यांनी ते चार वर्षं केलं आणि २०२२ मध्ये संघ हाती घेतला. २०२४ च्या हंगामाच्या सुरुवातीला त्यांना स्तनाच्या कर्करोगाचं निदान झालं. केमोथेरपी चालू असताना त्या हंगामभर कोर्टच्या कडेला उभ्या राहिल्या. उपांत्य सामन्यात नेब्रास्काविरुद्ध पहिले दोन सेट गेल्यावरही त्यांचा संघ पाच सेटमध्ये जिंकला.

बुसबूम केलींच्या प्रवासात मला सर्वांत बोलकी वाटते ती त्यांच्या खेळाडूपणातली एक गोष्ट. तीन वर्षं त्या सेटर होत्या. चौथ्या वर्षी नव्या सेटरसाठी जागा करून त्या लिबेरो झाल्या. सेटर म्हणजे प्रत्येक दुसरा चेंडू जिच्या हातातून जातो ती. लिबेरो म्हणजे मागच्या रांगेत राहून सर्व्ह घेणारी, चेंडू उचलणारी, ब्लॉक करायला किंवा जाळ्यावर उडी मारून फटका मारायला परवानगी नसलेली. शेवटच्या वर्षी, नाव झालेलं असताना, जागा बदलायला कबूल होणं सोपं नाही. त्याच वर्षी त्यांचा संघ विजेता झाला. अशी प्रशिक्षक एखाद्या मुलीला ‘तुझी जागा बदलू या’ म्हणते तेव्हा तिच्या शब्दाला वजन असतं. पुढे टेनेसी, लुइव्हिल आणि मग नेब्रास्कात त्या सहायक होत्या. २०१७ मध्ये लुइव्हिलची सूत्रं घेतली तेव्हा तो संघ एकदाही अंतिम चारांत पोहोचलेला नव्हता. २०२१ मध्ये तो पोहोचला, तोही त्या उपांत्य सामन्यापर्यंत एकही सामना न हरता. २०२२ आणि २०२४ मध्ये अंतिम सामना खेळला. जानेवारी २०२५ मध्ये नेब्रास्काचे मुख्य प्रशिक्षक जॉन कुक निवृत्त झाले आणि नेब्रास्कानं बुसबूम केलींना परत बोलावलं.

दोघींपैकी एक निवडायची वेळ आली तर? शांत, लांबचा विचार करणारी, कठीण काळात खचून न जाणारी व्यक्ती हवी असेल तर शूमाकर-कॉली. मुलगी एकाच जागेला धरून बसणारी नसेल, सगळं शिकायला उत्सुक असेल, तर बुसबूम केली. आणि नेब्रास्काला जाणाऱ्या मुलीनं प्रेक्षकांची सवय करून घ्यावी. ३० ऑगस्ट २०२३ रोजी तिथल्या फुटबॉल स्टेडियममध्ये मुलींच्या व्हॉलीबॉल सामन्याला ९२,००३ माणसं आली होती.

गुरू कोण, हेही बघा

आपल्याकडे गाणाऱ्याचं घराणं विचारतात. कॉलेज व्हॉलीबॉललाही तो प्रश्न शोभतो.

नेब्रास्काचं घराणं टेरी पेटिट यांच्यापासून सुरू होतं. १९७७ ते १९९९ ते तिथे मुख्य प्रशिक्षक होते. शिक्षणानं साहित्याचे, स्वतः कविता लिहिणारे. त्यांचे सहायक जॉन कुक २००० मध्ये मुख्य प्रशिक्षक झाले, पहिल्याच हंगामात ३४ पैकी ३४ सामने जिंकून विजेते ठरले, आणि पुढे २००६, २०१५, २०१७ मिळून चार विजेतेपदं त्यांच्या नावावर झाली. कुकच्या खेळाडू आणि सहायक म्हणजे बुसबूम केली. कुकचेच आणखी एक सहायक क्रेग स्किनर यांनी केंटकीला २०२० च्या हंगामाचं विजेतेपद मिळवून दिलं. करोनामुळे तो अंतिम सामना एप्रिल २०२१ मध्ये झाला होता.

पेन स्टेटचं घराणं रस रोझ यांचं. ४३ हंगाम, ७ विजेतेपदं, सलग १०९ सामने जिंकण्याचा विक्रम. त्यांनी मास्टर्स केलं ते नेब्रास्कातूनच, आणि प्रबंधाचा विषय व्हॉलीबॉलची आकडेवारी हाच होता. संगणक येण्याआधीपासून हा माणूस बाकावर बसून प्रत्येक पास, प्रत्येक फटका कागदावर नोंदवत असे. म्हणजे २०२४ च्या अंतिम सामन्यातल्या दोन्ही बाकांचे धागे मागे नेले तर नेब्रास्का विद्यापीठाच्या लिंकन या एकाच गावात पोहोचतात.

याचा निवडीशी संबंध असा की घराण्याची शिस्त शिष्यांत उतरते. आकड्यांच्या शिस्तीत वाढलेला प्रशिक्षक तुमच्या मुलीला सरावात प्रत्येक चेंडूचा हिशेब देईल. काही मुली त्यानं फुलतात, काहींना दडपण येतं. आपल्या मुलीला कोणतं लागू पडतं ते तुम्हालाच माहीत.

ऑलिंपिक खेळलेल्या आणि कॉलेजात न खेळलेले

ही जोडी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण पालक इथेच घाईनं निष्कर्ष काढतात.

रॉबिन आ मोव होनोलुलूच्या. हवाई विद्यापीठाच्या सेटर, नंतर अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाच्या सेटर. २०००, २००४ आणि २००८ अशा तीन ऑलिंपिक खेळल्या, बीजिंगला रौप्यपदक मिळवलं. कॉलेजात त्यांचे गुरू डेव्ह शोजी. त्यांनी १९७५ ते २०१६ हवाईला शिकवलं आणि हजाराहून अधिक सामने जिंकले. शोजींनंतर २०१७ मध्ये आ मोव मुख्य प्रशिक्षक झाल्या. बेटावरच्या लोकांना हा संघ स्वतःचा वाटतो, आणि त्याच मातीतली मुलगी तो चालवते याचा तिथे फार अभिमान आहे.

दुसऱ्या बाजूला केली शेफिल्ड. हे गृहस्थ कॉलेजात व्हॉलीबॉल खेळलेच नाहीत. इंडियाना राज्यात मन्सी नावाचं पासष्ट हजारांच्या आसपास वस्तीचं गाव आहे. तिथल्या बॉल स्टेट विद्यापीठात शिकताना त्यांनी शाळकरी आणि क्लबच्या मुलींना शिकवायला सुरुवात केली. मग इतरांचे सहायक, मग न्यूयॉर्क राज्यातलं ऑल्बनी, मग ओहायोतलं डेटन. एकेक पायरी वर. २०१३ मध्ये विस्कॉन्सिननं त्यांना घेतलं आणि पहिल्याच वर्षी संघ अंतिम सामन्यात पोहोचला. २०१९ मध्ये पुन्हा पोहोचला आणि हरला. २०२१ मध्ये नेब्रास्काला पाच सेटमध्ये हरवून जिंकला. केंटकीचे स्किनरही खेळाडू म्हणून बॉल स्टेटचेच. म्हणजे २०२० आणि २०२१ ही लागोपाठची दोन विजेतेपदं मन्सीत घडलेल्या दोन प्रशिक्षकांकडे गेली. त्या गावाला समुद्रकिनारा नाही, पण पिढ्यान्‌पिढ्या व्हॉलीबॉल शिकवणारे लोक आहेत.

मुलगी सेटर असेल तर आ मोव यांच्यासारख्या व्यक्तीकडून जे मिळेल ते दुसरीकडे मिळणं अवघड. ब्लॉकरचे खांदे कुठे वळलेत, तिसऱ्या सेटमध्ये थकलेल्या हिटरला चेंडू द्यावा की नाही, हे बारीक निर्णय ज्यानं सर्वोच्च पातळीवर घेतले आहेत तोच ते आतून सांगू शकतो. पण मुलगी उशिरा खेळाकडे वळलेली असेल, तंत्र कच्चं असेल, तर मी शेफिल्डसारख्या प्रवासाकडे झुकेन. ज्याला खेळ उपजत आला नाही त्याला तो पायरीपायरीनं समजून घ्यावा लागतो, आणि पुढे तसाच शिकवावा लागतो. मोठा खेळाडू चांगला प्रशिक्षक होत नाही असं अजिबात नाही. फक्त मोठ्या खेळाडूच्या बाबतीत एक प्रश्न जास्त विचारावा: सामान्य कुवतीच्या कोणत्या मुलीला त्यांनी मोठं केलं?

राष्ट्रीय संघातून आलेले, शाळेतून आलेले

ह्यू मकचन मूळचे न्यूझीलंडचे. २००८ मध्ये त्यांच्या हाताखाली अमेरिकेच्या पुरुष संघानं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं, २०१२ मध्ये महिला संघानं रौप्य. त्यानंतर ते मिनेसोटा विद्यापीठात आले आणि २०२२ पर्यंत राहिले. तीन वेळा अंतिम चारांत पोहोचले, विजेतेपद मात्र नाही. मला यात अपयश दिसत नाही. राष्ट्रीय संघात तयार खेळाडू येतात आणि प्रशिक्षक निवड करतो. कॉलेजात अठरा वर्षांची मुलगी येते, घरची आठवण काढते, रसायनशास्त्राची परीक्षा देते आणि संध्याकाळी सराव करते. दोन्ही कामांना वेगळी माणसं लागतात. शिकवण्याचं शास्त्र मात्र या मार्गानं आलेल्यांकडे पक्कं असतं. जेमी मॉरिसन हे मकचन यांच्याच अमेरिकी ताफ्यात घडले, पुढे नेदरलँड्सच्या महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक होते, आणि २०२५ मध्ये त्यांनी टेक्सस ए अँड एमला विजेतेपद मिळवून दिलं.

शाळेतून आलेल्यांत खुद्द कुक आहेत. सॅन डिएगोच्या फ्रान्सिस पार्कर शाळेपासून त्यांची सुरुवात झाली. शाळेत शिकवलेल्या माणसाला पालकांशी बोलायची सवय असते, वेळापत्रक सांभाळायची सवय असते, आणि नाठाळ मुलांतूनही काम करून घेता येतं.

या दोन्हींच्या मधला एक मार्ग आहे, लहान कॉलेजचा. डॅन फिशर कॅलिफोर्नियातल्या कॉनकॉर्डिया या छोट्या कॉलेजचे प्रशिक्षक होते. एनएआयए या लहान कॉलेजांच्या संघटनेचं २०१२ चं विजेतेपद त्यांनी एकही सामना न हरता मिळवलं. २०१३ मध्ये पिट्सबर्गला आले. २०२१ पर्यंत हा संघ कधी अंतिम चारांत नव्हता. मग २०२१ ते २०२५ सलग पाच वर्षं तो तिथे होता. पैसा आणि नाव नसताना ज्याला संघ बांधता येतो, त्याच्याकडे बाकावरच्या बाराव्या मुलीकडेही बघायची नजर असते असं माझं ठाम मत आहे, कारण लहान कॉलेजात बारावी मुलगी वाया घालवणं परवडत नाही.

स्त्री प्रशिक्षक हवी का?

आया हा प्रश्न हळू आवाजात विचारतात. मोठ्यानं विचारायला हरकत नाही.

१९७२ मध्ये शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला बंदी घालणारा टायटल नाइन कायदा आला तेव्हा अमेरिकन कॉलेजांतल्या मुलींच्या नव्वद टक्क्यांहून अधिक संघांना स्त्रियाच शिकवत होत्या, बहुधा शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिका, नाममात्र मोबदल्यात. कायद्यानं मुलींच्या खेळाला पैसा मिळाला, पदांना पगार आला, आणि पुरुष त्या पदांसाठी अर्ज करू लागले. आज सगळे खेळ मिळून स्त्री प्रशिक्षकांचं प्रमाण निम्म्याहूनही खाली आहे.

या काळात टिकून राहिलेल्या मेरी वाइझ यांचं नाव घ्यायलाच हवं. परड्यू विद्यापीठाकडून खेळून झाल्यावर वयाच्या अवघ्या २१ व्या वर्षी त्या आयोवा स्टेटच्या मुख्य प्रशिक्षक झाल्या. म्हणजे त्यांच्या काही खेळाडू जवळपास त्यांच्याच वयाच्या. पुढे केंटकीत सहायक, आणि १९९१ पासून २०२४ च्या हंगामापर्यंत फ्लॉरिडा. हजाराहून अधिक विजय, २००३ आणि २०१७ मध्ये अंतिम सामना, विजेतेपद एकदाही नाही. ट्रॉफी मोजणारा पालक वाइझ यांना खालच्या रांगेत टाकेल. चौतीस हंगाम एकाच ठिकाणी राहून पिढ्या घडवणाऱ्या प्रशिक्षकाला मी वरच्या रांगेत ठेवतो.

मुख्य प्रशिक्षक पुरुष असेल तर सहायकांत किती स्त्रिया आहेत आणि त्यांना किती अधिकार आहेत हे विचारा. दुखापत, पाळी, खाणंपिणं, मनाची अवस्था याबद्दल मुलगी कोणाकडे जाऊन बोलू शकेल? उत्तरात नाव आलं पाहिजे. ‘आमचं दार सगळ्यांना उघडं असतं’ एवढंच उत्तर आलं तर ते उत्तर नव्हे.

डिव्हिजन थ्री विसरू नका

मराठी घरांत अभ्यास आधी येतो, आणि तरी डिव्हिजन थ्रीकडे, म्हणजे एनसीएएच्या तिसऱ्या श्रेणीकडे, दुर्लक्ष होतं, कारण तिथे खेळाची शिष्यवृत्ती मिळत नाही. गुणांवर आणि कुटुंबाच्या उत्पन्नावर आधारित मदत मात्र मिळू शकते, आणि अभ्यासात अव्वल कॉलेजं इथे बरीच आहेत. सेंट लुइसचं वॉशिंग्टन विद्यापीठ त्यातलंच. तिथे टेरी क्लेमन्स यांनी ७ राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली, त्यातली सहा १९९१ ते १९९६ अशी सलग. त्याही शाळेच्या मुलींना शिकवून तिथे आलेल्या. डिव्हिजन वनला पहिल्या स्त्री विजेतीसाठी २०२४ पर्यंत थांबावं लागलं. डिव्हिजन थ्रीमध्ये ते फार आधी होऊन गेलं होतं. मुलीला डॉक्टर व्हायचं असेल आणि खेळही सोडायचा नसेल, तर मी यादी इथून सुरू करेन.

प्रशिक्षक निघून गेले तर?

२०२४ च्या हंगामानंतर कुक आणि वाइझ दोघंही निवृत्त झाले. बुसबूम केली लुइव्हिल सोडून नेब्रास्काला गेल्या. लुइव्हिलनं त्यांचेच सहकारी डॅन मेस्के यांना बढती दिली, फ्लॉरिडानं बाहेरून रायन थीस यांना आणलं. ज्या मुलींनी प्रशिक्षकाकडे बघून कॉलेज निवडलं होतं, त्यांच्यापुढे काही आठवड्यांत नवा माणूस उभा राहिला. लुइव्हिलच्या मुलींना निदान ओळखीचा आवाज मिळाला. म्हणून मुख्य प्रशिक्षकाइतकीच चौकशी दुसऱ्या क्रमांकाच्या व्यक्तीची करा: ती किती वर्षं तिथे आहे, आणि तुमच्या मुलीच्या जागेचा सराव प्रत्यक्ष कोण घेतं. बऱ्याच ठिकाणी सेटर किंवा लिबेरोचा रोजचा सराव सहायकच घेतात, आणि भरतीच्या काळात पहिला फोनही बहुधा त्यांचाच येतो.

पैशाचं गणितही बदललं आहे. पूर्वी डिव्हिजन वनमध्ये एका संघाला १२ पूर्ण शिष्यवृत्त्या असत. २०२५-२६ पासून नवी व्यवस्था स्वीकारलेल्या कॉलेजांत संघाची मर्यादा १८ खेळाडूंची आहे, आणि त्या सगळ्यांना पूर्ण किंवा अर्धवट मदत देता येते. त्यामुळे ‘शिष्यवृत्ती देतो’ या शब्दांचा अर्थ आता प्रत्येक ठिकाणी वेगळा असू शकतो. किती टक्के, किती वर्षांसाठी आणि दुखापत झाली तर काय, हे तिन्ही लेखी मागा.

शेवटी एक काम घरबसल्या करण्यासारखं आहे. तीन वर्षांपूर्वीची खेळाडूंची यादी कॉलेजच्या वेबसाइटवर काढा आणि त्या वर्षी आलेल्या मुलींपैकी आज किती तिथे आहेत ते मोजा. हल्ली एक वर्ष बाहेर न बसता कॉलेज बदलता येतं, त्यामुळे काही जणी जाणारच. पण सहापैकी पाच गेल्या असतील तर प्रशिक्षकांना कारण विचारा, आणि गेलेल्यांपैकी एकीच्या आईवडिलांशीही बोला. क्लबच्या ओळखीतून त्यांच्यापर्यंत पोहोचता येतं, आणि पालक एकमेकांशी मोकळेपणानं बोलतात.